एकदाच ऐकवलं जाईल

दर टर्मच्या पहिल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता सुहासिनी पाटणकर उजव्या हाताचं एक बोट वर करायची आणि चीनहून नुकतीच आलेली पंधरा-वीस मुलं त्या बोटाकडे टक लावून बघत बसायची. बाई रागावल्यात की काय, हे त्यांना कळायचं नाही. मग ती फळ्यावर मोठा एक काढायची, शेजारी दोन काढायची आणि त्या दोनवर फुली मारायची. तेवढ्यानेही तिचं समाधान व्हायचं नाही. बाकांमधून फिरत ती प्रत्येकाच्या नाकासमोर बोट नाचवायची आणि समोरच्याने हसत का होईना आपलंही एक बोट वर केल्याशिवाय पुढे सरकायची नाही.

हे सगळं चालायचं सिडनीच्या पश्चिमेला, वेस्टमीडच्या पुढच्या एका हायस्कूलच्या आवारातल्या इंग्रजी केंद्रात. परदेशातून आलेली मुलं नेहमीच्या शाळेत बसण्याआधी इथे इंग्रजी शिकतात. आल्या दिवशी त्यांची परीक्षा होते, ऐकण्याची आणि वाचण्याची, प्रत्येकी तीस मार्कांची. दोन्हींत जे मार्क कमी, ते धरून मुलाला पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या लेव्हलला टाकायचं. एक लेव्हल म्हणजे एक टर्म, आणि वर्षात अशा चार टर्म. ही परीक्षा घ्यायची आणि तपासायची, हे सुहासिनीचं काम. अकरा वर्षं ती ते करत होती.

बोटाची भानगड अशी, की या मुलांना मायदेशी ऐकण्याच्या परीक्षेत रेकॉर्डिंग बरेचदा दोनदा ऐकवतात. त्यामुळे त्यांची एक पद्धत बसून गेलेली असते. पहिल्या वेळी पेन्सिल खाली ठेवायची, डोळे मिटायचे, नुसतं समजून घ्यायचं. दुसऱ्या वेळी लिहायचं. पद्धत चांगलीच आहे, पण या केंद्रात रेकॉर्डिंग एकदाच लागतं. तशी सूचना सुरुवातीला त्याच रेकॉर्डिंगमध्ये दिलेली असते, इंग्रजीतून, आणि तीही भराभर. ज्याचं इंग्रजी तपासायचं त्यालाच ही सूचना इंग्रजीतून देण्याचं शहाणपण कोणाला सुचलं, देव जाणे. पहिल्याच वर्षी तीन मुलं अशी डोळे मिटून फसली, तेव्हापासून सुहासिनीने हे बोट काढलं. ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तिला ते सुचलं यालाही कारण होतं. ती कराडची, मराठी शाळेतली. ऑस्ट्रेलियाला शिकायला यायचं म्हणून तिने पुण्यात इंग्रजीची परीक्षा दिली, तेव्हा घाबरून तिने दोन पानं एकदम उलटली होती. मधलं अख्खं पान कोरं राहणार होतं. एक टक्कल पडलेले पर्यवेक्षक शेजारून चालत गेले आणि जाता जाता, तिच्याकडे न बघता, त्यांनी ते पान बोटाने मागे उलटलं. नियमात ते बसत नव्हतं. त्या गृहस्थांचं नावही तिला माहीत नाही, पण सिडनीची युनिव्हर्सिटी, पुढे सलिलशी लग्न, ओवी, केलीव्हिलचं घर, सगळं त्या एका पानाच्या पुढचं. हे ती पार्टीत हसत हसत सांगायची. आपल्यालाही कधी कोणाचं पान उलटावं लागेल आणि आपण हात खिशात ठेवू, असं तेव्हा तिच्या मनातही आलं नसतं.

तर त्या जूनमध्ये परीक्षा घेण्याच्या पद्धतीची तपासणी झाली. वरच्या ऑफिसातून दोन माणसं आली, लॅपटॉप उघडून मागच्या बाकावर बसली आणि जाताना एक पुस्तिका ठेवून गेली. परीक्षकाने छापलेला मजकूर जसाच्या तसा वाचावा, त्यात स्वतःची भर घालू नये, हावभाव करू नयेत. केंद्राची प्रमुख लीना, इथेच जन्मलेली आणि इथेच वाढलेली, तिने सुहासिनीला केबिनमध्ये बोलावलं.

"सू, ते बोट आता बंद," लीना म्हणाली. तिला सुहासिनी म्हणता येत नसे, आणि अकरा वर्षांत तिने प्रयत्नही केला नव्हता. "मला माहितीये तू चांगल्या हेतूने करतेस. पण दुसऱ्या केंद्रांतले परीक्षक करत नाहीत. सगळ्यांना सारखी परीक्षा हवी."

"पण लीना, मुलांना खरंच कळत नाही."

"मग ते लेखी दे, आपण पुढच्या वर्षी विचार करू. आणि हो, कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी मी तुझं नाव दिलंय. एक टर्म ट्रायलवर. त्यात काही गडबड नको, ओके?"

कोऑर्डिनेटर! अकरा वर्षांत पाच कोऑर्डिनेटर आले आणि गेले. त्यांतल्या तिघांना सुहासिनीनेच काम शिकवलं होतं, आणि दर वेळी नवीन माणूस आला की केक कापताना टाळ्या वाजवायला ती पुढे. सलिल तिला चिडवायचा, "तू त्यांची कायमची स्वागत समिती आहेस." तिला ते लागायचं. तिला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि हव्या असलेल्या गोष्टीने माणूस किती पटकन शहाण्यासारखा गप्प बसायला शिकतो, ते तिला जुलैत कळलं. लेखी तिने काही दिलं नाही.

जुलैचा मंगळवार थंड होता. वर्गातला हीटर कुरकुरत होता. पंधरा मुलं होती. सुहासिनीने पुस्तिका हातात धरून मजकूर वाचला, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. फळा कोरा होता. उजवा हात तिने कार्डिगनच्या खिशात घातला होता. सवयीने वर जाईल म्हणून मुद्दामच घातला होता.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसली होती. वेनशिन तिचं नाव, सोळा वर्षांची, आखूड केस, गळ्यापर्यंत बंद केलेलं जॅकेट. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि वेनशिनने पेन्सिल बाकावर आडवी ठेवली, हातांची घडी घातली आणि डोळे मिटले.

सुहासिनीने ते लगेच पाहिलं. बाकीच्यांपैकी काहींना आधीच माहीत होतं, काहींनी शेजारच्याची पेन्सिल चालताना बघून आपली उचलली. ही मात्र पहिल्या बाकावर, डोळे मिटून. हिला कोण दिसणार? एक पाऊल पुढे टाकून बाकावर टकटक केलं असतं तरी पुरलं असतं. नुसतं खाकरली असती तरी त्या पोरीने डोळे उघडले असते. सुहासिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. रेकॉर्डिंगचे चार भाग सलग लागतात, बावीस मिनिटं. बावीस मिनिटं वेनशिन मन लावून ऐकत होती. मध्येच एका विनोदावर ती किंचित हसली. तो विनोद आजवर कोणाही नवख्या मुलाला कळलेला सुहासिनीने पाहिला नव्हता. म्हणजे या मुलीला सगळं समजत होतं, आणि तिच्या कागदावर एक अक्षर नव्हतं.

रेकॉर्डिंग संपलं. वेनशिनने डोळे उघडले, पेन्सिल उचलली आणि सरसावून बसली. स्पीकरमधून काहीच येईना, तेव्हा तिने हात वर केला.

"मिस, सेकंड टाइम?"

"नो सेकंड टाइम," सुहासिनी म्हणाली. पुस्तिकेत हेच उत्तर छापलेलं होतं.

वेनशिन रडली नाही. उत्तरं नीट करायला जी दोन मिनिटं मिळतात, त्यांत ती मान खाली घालून आठवेल तेवढं लिहीत सुटली. दोन मिनिटांत तिने नऊ उत्तरं बरोबर लिहिली, निव्वळ आठवणीतून. वाचनात तिला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले, त्या दिवशीचे सर्वांत जास्त. पण धरायचे कमी असलेले मार्क. नऊ म्हणजे पहिली लेव्हल.

एका टर्मचा तर प्रश्न, असं कोणी म्हणेल. पण तो एका टर्मचा नव्हता. जुलैत दुसरी लेव्हल मिळाली असती तर डिसेंबरात तिसरी संपली असती आणि जानेवारीत ती आपल्या वयाच्या मुलांबरोबर अकरावीत बसली असती. आता तिसरी लेव्हल संपायला एप्रिल उजाडणार. अकरावीची पहिली टर्म तोवर संपलेली, कोणी मधेच घेत नाही. म्हणजे अख्खं वर्ष गेलं. वेनशिनच्या फॉर्मवर तिच्या मावशीने, जिच्याकडे ती ईस्टवूडला राहत होती, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'जानेवारीत अकरावी. तिच्या आईची फार इच्छा.'

उत्तरपत्रिकेच्या शेवटी शेरा लिहायला चार ओळींची जागा असते. परीक्षेत काही वावगं घडलं तर परीक्षकाने ते तिथे लिहायचं, म्हणजे फेरपरीक्षा घेता येते. विद्यार्थ्याला लेखी तक्रार टर्म संपेपर्यंत देता येते. सुहासिनी त्या चार ओळींवर पेन धरून बसली. काय लिहायचं? नियम पाळला हे वावगं? की नियम पाळताना मी बघत होते, हे वावगं? हे लिहिलं की लीना विचारणार, बघत होतीस तर मला तेव्हाच का नाही सांगितलंस? आणि मग ट्रायल कसली नि काय कसलं. तिने जागा कोरी सोडली आणि गठ्ठा बांधला.

पुढचे आठवडे भरभर गेले. लीनाने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, या वेळी परीक्षा अगदी पुस्तिकेबरहुकूम झाली म्हणून. केक आला. टाळ्या या वेळी दुसऱ्यांनी वाजवल्या. दारावर तिच्या नावाची पट्टी लागली, पूर्ण नावाची, सुहासिनी पाटणकर. तिने फोटो काढून कराडला आईला पाठवला, आणि आईने देवापुढे साखर ठेवल्याचा उलट निरोप आला तेव्हा तिला शरमेने मेल्यासारखं झालं.

कारण पट्टीसमोरूनच पहिल्या लेव्हलचा वर्ग दिसायचा. तिथे शिक्षक मुलांना फळं, रंग, आठवड्याचे वार शिकवत, आणि तीसपैकी अठ्ठावीस मार्कांचं वाचणारी वेनशिन ते उतरवून घेत बसायची. तिची पेन्सिल आता कधी खाली पडत नसे. शिक्षकांनी गुड मॉर्निंग म्हटलं तरी ती लिहायची. शेजारच्या मुलीने शिंकून सॉरी म्हटलं तर तेही लिहीत असेल, अशी तिची मान खाली. डोळे मिटून ऐकणारी, विनोदाला हसणारी ती मुलगी बावीस मिनिटांत कुठे गेली, ते सुहासिनीला पक्कं माहीत होतं.

कॉरिडॉरमध्ये भेट झाली की वेनशिन थांबून म्हणायची, "गुड मॉर्निंग, मिस." राग नाही, काही नाही. तिच्या लेखी चूक तिचीच होती. सूचना ऐकू नाही आली, आपलं इंग्रजी कच्चं, संपलं. हे सुहासिनीला सगळ्यात जड जात होतं. मुलीने डोळे वटारले असते तर बरं झालं असतं.

घरीही तिला चैन नव्हतं. टर्मच्या शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी तिने ओवीला जेवायला हाक मारली. ओवी पंधरा वर्षांची, कानात हेडफोन नसतानाही बहिरी. पाच मिनिटांनी सुहासिनी जिन्याखाली उभी राहून ओरडली, "ओवी, जेवायला ये म्हटलं ना मघाशी! एकदा सांगून कळत नाही?"

ओवी आरामात खाली आली. "आई, चिल. यू ऑल्वेज से इट ट्वाइस. सो आय कम ऑन द सेकंड वन."

"म्हणजे पहिली हाक ऐकू येते तुला?"

"ऑफ कोर्स येते! बट आय नो, दुसरी येणारच."

सलिल खो खो हसला. "बघ, ट्रेनिंग तूच दिलंयस." सुहासिनीही हसायला गेली आणि हातातला आमटीचा डाव तसाच पातेल्यात सोडून बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. आपल्या पोरीला आपण रोज दुसरी हाक मारतो. ती येणार याची तिला खात्री आहे म्हणून ती वर निवांत बसू शकते. वेनशिनलाही दुसऱ्या वेळेची खात्रीच होती, आणि तिने हात वर करून, प्लीज म्हणण्याइतक्या नम्रपणे विचारलं होतं.

"काय झालं गं?" सलिलने विचारलं.

तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. सलिलचं हसू गेलं. तो म्हणाला, "अगं, पण तू रूल फॉलो केलास. टेक्निकली तुझी चूक नाही."

"टेक्निकली नाही," सुहासिनी म्हणाली, "म्हणून तर आठ आठवडे मला कोणी काही बोललं नाही."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, टर्मचा शेवटचा दिवस. लेखी तक्रारीची मुदत दुपारी चारला संपत होती. तीनला शाळा सुटली. वेनशिन ट्रेनची वेळ होईपर्यंत लायब्ररीत बसते, हे सुहासिनीला माहीत होतं, कारण गेले आठ आठवडे ती त्या दारावरून घाईने पुढे जात होती. आज ती आत गेली आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"वेनशिन, मला तुला काही सांगायचंय. परीक्षेबद्दल."

वेनशिनने वही मिटली. बोलणं अर्थातच इंग्रजीतून चाललं होतं, सुहासिनीने मुद्दाम सोपे शब्द निवडले होते. ती म्हणाली, रेकॉर्डिंग एकदाच लागतं हे मी दर वेळी मुलांना खुणेने सांगते. या वेळी मला मनाई होती, म्हणून सांगितलं नाही. तू डोळे मिटून बसलीस ते माझ्या नीटसं लक्षात आलं नाही, उशिरा लक्षात आलं. तुझे मार्क तुझे खरे मार्क नाहीत. तू आज चारच्या आत लेखी तक्रार दिलीस तर फेरपरीक्षा होऊ शकते, पुढच्या टर्मला थेट तिसरी लेव्हल मिळू शकते. चूक माझी आहे, मला माफ कर.

बोलता बोलता तिचं लक्ष गेलं. वेनशिनने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली होती, हातांची घडी घातली होती आणि डोळे मिटले होते. सुहासिनी थांबली तरी ते मिटलेलेच राहिले. आता ही रडणार, असं तिला वाटलं. रडली असती तर सुहासिनीला तिला जवळ घेता आलं असतं, आणि स्वतःलाही जरा रडून घेता आलं असतं.

वेनशिनने डोळे उघडले, ते कोरडे होते. तिने वहीचं नवं पान काढलं, पेन्सिल उचलली आणि सरसावून बसली.

"मिस, प्लीज. सेकंड टाइम."

"म्हणजे, तुला समजलं नाही?"

"समजलं," वेनशिन शांतपणे म्हणाली. "पहिल्या वेळी मी फक्त ऐकते. दुसऱ्या वेळी लिहिते."

सुहासिनीला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते फार जड गेलं. एकदा भडाभडा बोलून टाकणं वेगळं आणि समोर पेन्सिल चालत असताना एकेक वाक्य सुटं करून देणं वेगळं. खुणेचं सांगितलं, मनाईचं सांगितलं. वेनशिन एकही शब्द न चुकता उतरवत होती, स्पेलिंगसकट. "तू डोळे मिटून बसलीस," सुहासिनी म्हणाली, "आणि मी ते पाहिलं. पहिल्या मिनिटालाच पाहिलं. मी तुला थांबवू शकले असते."

पेन्सिल थांबली.

"मिस," वेनशिनने वहीवरून मान वर केली. "पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, नीट लक्षात आलं नाही. उशिरा लक्षात आलं. आता म्हणता, पहिल्या मिनिटाला पाहिलं." तिच्या आवाजात आरोप नव्हता. उत्तर बरोबर यावं म्हणून विद्यार्थी विचारतो, तसं तिने विचारलं, "मी कोणतं लिहू?"

लायब्ररीतल्या घड्याळात साडेतीन वाजले होते. अकरा वर्षांत सुहासिनीने शेकडो मुलांचं ऐकणं तपासलं होतं. इतकं पक्कं ऐकणारं मूल तिला आठवत नव्हतं, आणि हिला तिने नऊ मार्क देऊन पाठवलं होतं.

"पाहिलं होतं, असं लिही," ती म्हणाली. "दुसरं खोटं होतं."

वेनशिनने तेवढं वाक्य लिहिलं, पूर्णविराम दिला आणि वही फिरवून तिच्यासमोर सरकवली. सुहासिनीने ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. तक्रार म्हणून ते पुरेसं होतं, दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, आणि पान फाडून लीनाच्या केबिनकडे निघाली.